जर्मलची नाव

होळी होऊन आठ दिवस झाले असतील. करंजण्याच्या झुलालभाऊंच्या अंगणात भाड्याच्या टेम्पोतून एक नाव उतरली, आणि दुपारपर्यंत अख्खं गाव ती पाहून गेलं. बारा फुटांची, ॲल्युमिनियमची. आमच्याकडच्या बाया त्या धातूला जर्मल म्हणतात. जर्मलचं पातेलं, जर्मलचा डबा, तशी ही जर्मलची नाव. कुठल्याशा तलावावरच्या मासेमारीच्या ठेकेदाराची होती म्हणे, मग जळगावच्या एका भंगारवाल्याकडे पाच वर्षं पडून होती. एका कुशीला मोठा पोचा, बसायच्या फळ्या कुजलेल्या, आणि रंग असा की हिरवा खरवडला तर खाली निळा निघे, निळा खरवडला तर पिवळा.

शेजारचा झिपरू तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला. झिपरू कोळी. ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून तापीत जाळं टाकणारा माणूस, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत गावात त्याचा शब्द शेवटचा.

"भाऊ, हाई नाव लिधी का भंगार लिधं?"

"नाव शे. दिखत नही का?"

"दिखस ना. तिना बुडमातून आभाय बी दिखस."

झुलालभाऊ हसले नाहीत. साठी ओलांडलेला गडी. अठरा वर्षं जळगावला पाइपच्या कारखान्यात काढलेली, मग गावी येऊन दोन एकर कपाशी धरलेली. पोरगा स्वप्नील पुण्याला, घरात ते आणि बायको यशोदाबाई, दोघंच. बोलायला कमी, पण एकदा डोक्यात काही शिरलं की मग देवाचंही ऐकायचे नाहीत.

आणि डोक्यात शिरलं होतं ते असं. करंजणे तापीच्या अलीकडे, पळसवद पलीकडे. मधलं पाणी म्हणाल तर काठावरून मोठ्याने हाक मारली की पलीकडच्याने मान वळवावी, एवढंच. बंधारा नव्हता तेव्हा उन्हाळ्यात माणसं गुडघाभर पाण्यातून चालत जायची. यशोदाबाई पळसवदची लेक, नवरी होऊन आली तीही तशीच, लुगडं वर खोचून. बंधारा झाला, पाणी तुंबलं, आणि रस्ता पुलावरून अडतीस किलोमीटरचा झाला.

आखाजी हा आमच्या लेकींचा सण. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशीण माहेरी जाते, झोका खेळते, गाणी म्हणते, आठ दिवस कुणाची बायको नसते की सून नसते. यशोदाबाई अकरा वर्षं गेल्या नव्हत्या. माघात एकदा काठावर गोधड्या धुताना त्या हातातलं बडवायचं मोगरं तसंच धरून पलीकडच्या निंबाकडे बघत बसलेल्या झुलालभाऊंना दिसल्या.

"औंदा आखाजीले जाती का पळसवदले?" त्यांनी विचारलं.

"अडतीस किलोमीटरना फेरा," यशोदाबाई म्हणाल्या. "दोन एष्टी बदला. मना गुडघा ऱ्हाई का?"

झालं. अडचण गुडघ्याची आणि फेऱ्याची, असं या भल्या माणसाने धरलं, आणि दीड महिन्याने दारात नाव आणून उभी केली.

पहिले तीन दिवस नाव विटांवर पालथी घालून ते पत्र्याच्या तुकड्याने रंग खरवडत बसले. रंग निघाला तरी खाली जुन्या शेवाळाचा चिकट थर होताच. घरात उडदाच्या पापडांसाठी यशोदाबाईंनी पापडखार भिजवून ठेवला होता. खार चिकटा कापतो हे झुलालभाऊंना ठाऊक होतं. कुणाला न विचारता त्यांनी पातेलंभर खाराचं पाणी नावेवर ओतलं, काथ्याने घासलं, आणि हात धुऊन झोपले. सकाळी उठून पाहतात तर नाव काळीठिक्कर.

यशोदाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी नावेकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, कप ओट्यावर ठेवला आणि तोंडाला पदर लावून खाली बसल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

"जर्मलले खार लावस का कोनी? काय्यंच पडी ना ते."

"मंग सांगानं व्हतं."

"तुम्हीन इचारं का? या घरमा भांडं कोन घासस?"

मग त्यांनीच जुनी चिंच उकळली. दोन दिवस दोघं चिंचेच्या पाण्याने नाव घासत होती, हातांची सालटी निघाली, पण तिसऱ्या दिवशी उन्हात तिच्याकडे बघवेना इतकी ती उजळली. तोवर यशोदाबाई या कामापासून चार हात लांब होत्या. चिंचेनंतर मात्र त्या नावेच्या झाल्या.

पाइपवाल्या माणसाला गळती शोधायची एकच रीत माहीत, आत पाणी भर आणि बाहेरून बघ. नाव उताणी करून चार दगडांवर ठेवली आणि आत वीतभर पाणी सोडलं. खाली वाकायला झुलालभाऊंची कंबर तयार होईना. यशोदाबाई गुडघा आखडत खाली सरकल्या, आणि खडू नव्हता म्हणून कुंकवाचा करंडा घेऊन गेल्या. जिथून थेंब सुटेल त्या रिबिटावर, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यावर, बोट टेकवायचं. अर्ध्या तासाने बाहेर आल्या तेव्हा कपाळ, गाल, चोळी, सगळं लाल थेंबांनी भरलेलं.

"हिले तं गोवर उना," त्या म्हणाल्या.

त्रेसष्ट रिबिटं गळत होती. झुलालभाऊ धरणगावला रुपचंद पत्रेवाल्याकडे गेले. तो म्हणाला, जर्मलला साधं वेल्डिंग चालत नाही, आणि लोखंडाची रिबिटं मारशील तर पाण्यात ती आजूबाजूचा पत्रा खाऊन टाकतील. जर्मलला जर्मलच पाहिजे. रिबिटं त्याच्याकडे होती. ठोकायची कशी तेही त्याने दाखवलं, आणि शेवटी म्हणाला की हे एकट्याचं काम नाही, आतून कुणीतरी जड लोखंड दाबून धरावं लागतं.

तेव्हा नाव पुन्हा पालथी झाली आणि यशोदाबाई घण घेऊन तिच्या पोटात शिरल्या. आतून त्या घण टेकवायच्या, बाहेरून झुलालभाऊ हातोडी मारायचे. प्रत्येक ठोक्याला त्यांच्या दातांपर्यंत झिणझिण्या जात. सकाळी ऊन चढेपर्यंत पाच-सहा रिबिटं व्हायची, मग पत्रा तापायचा आणि आत बसवायचं नाही. असे बारा दिवस गेले.

पण एक गोष्ट घडली. माणूस आडोशाला असलं की बोलतं. समोरासमोर चाळीस वर्षांत जे निघालं नव्हतं ते पत्र्याच्या आडून निघू लागलं. यशोदाबाई आतून बोलायच्या आणि त्यांचा आवाज नावेत घुमून, मोठा होऊन बाहेर यायचा.

"आमना निंबले झोका ऱ्हाये," आवाज सांगायचा. "काठवरना निंब. भाऊ प्रेमराज मांगथून लोटे ना, तं झोका काठना भाईर जाये. पायना खाले पानीच पानी. मी डोया झाकी लेऊ. तो म्हने, अक्का, डोया उघड, तुनं सासर दिखी."

ठोका थांबवून झुलालभाऊ कान पत्र्याला लावायचे. पत्रा गार असायचा.

"मंग? दिखे का?"

"माले काय ठाऊक व्हतं, मनं सासर कोनतं ते."

एकदा म्हणाल्या, "सुनंदाना हातनं पुरन मोठं मऊ व्हये." पुढची तीन रिबिटं नुसती ठोकण्यातच गेली.

सुनंदाबाई म्हणजे प्रेमराजची बायको, यशोदाबाईंची भावजय. प्रेमराज अकरा वर्षांपूर्वी गेला. तेराव्याच्या दिवशी कुणा शहाण्याने बहिणीपुढे जमिनीच्या हक्कसोडीचा कागद ठेवला. यशोदाबाई म्हणाल्या, आज नको, आज माझा हात चालत नाही. भावजयीला वाटलं, नणंदेला वाटा हवा. भांडण असं झालंच नाही, भावजय नुसती उठून आत गेली. महिन्याने यशोदाबाईंनी तालुक्याला जाऊन सही करून दिली. झुलालभाऊंच्या हिशेबी तिथे विषय मिटला होता. पुरुषमाणसाचा असाच समज असतो, कागद झाला की सगळं झालं.

चैत्र अर्धा सरला. वाळूची गोणी आतून लावून पोचा ठोकून काढला. रिबिटांवर दोन पुड्या एकत्र मळून करायचं सील फासलं. जुन्या बाजेच्या लाकडातून दोन फळ्या निघाल्या. मागची फळी झुलालभाऊंनी मुद्दाम वीतभर उंच बसवली, पाठ टेकायला तिला आडवी पट्टी दिली आणि पुढे मोकळी जागा सोडली, म्हणजे दुखरा पाय लांब करता यावा. उन्हात पत्र्याची कड हाताला चटका देते म्हणून पाण्याचा पाइप उभा चिरून कडेवर बसवला. ते काम इतकं सुबक झालं की झिपरूही बोट फिरवून गेला. फळ्यांखाली चार रिकाम्या कॅन बूच लावून बांधल्या, नाव भरलीच तर बुडू नये म्हणून. बाहेरून निळा रंग, आतून पांढरा.

रंग हाताला लागेनासा झाला होता, पक्का व्हायचे ते दिवस. चव्वेचाळीसचं ऊन, दुपारी गल्लीत कुत्रंही नाही. झुलालभाऊ नावेवर केळीच्या बागेवरची हिरवी जाळी ओढून आत आडवे व्हायचे. अंगणातल्या निंबाची सावली पांढऱ्या रंगावर हलायची. बघता बघता अंगण भरून यायचं, ओट्याच्या पायऱ्या पाण्याखाली जायच्या, गोठ्याचा खांब मागे सरकायचा आणि नाव आवाज न करता दारातून निघायची. मागच्या फळीवर यशोदाबाई पाय लांब करून बसलेल्या, पलीकडचा निंब मोठा होत चाललेला. निंबाखाली कोण उभं आहे ते मात्र कधी दिसायचं नाही. तिथपर्यंत पोचायच्या आत घामाने जाग यायची. मग ते कूस बदलायचे, पुन्हा अंगण भरून येईल म्हणून डोळे मिटायचे. सुखात होता माणूस, दुसरं काय.

नारळ फोडून नाव पाण्यात घातली तेव्हा अर्धं गाव काठावर. एक थेंब आत आला नाही. पण नाव पुढे जाईना. झुलालभाऊ उजवं वल्हं मारायचे तर ती डावीकडे फिरायची, डावं मारायचे तर उजवीकडे.

"भाऊ," झिपरू ट्यूबवरून म्हणाला, "हाई नाव शे, घानाना बैल नही."

पोरं खिदळली. झुलालभाऊंचे कान लाल झाले, पण उतरले नाहीत. आठ दिवस रोज पहाटे झिपरूने त्यांना शिवीगाळ करत वल्हवायला शिकवलं. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. नाव सरळ जायला लागली तेव्हा आखाजीला चार दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी यशोदाबाई सुपात गहू पाखडत होत्या.

"सकाय चाल," झुलालभाऊ म्हणाले.

"कोठे?"

"कोठे म्हंजे? पळसवदले."

सूप थांबलं. "कोना संगे?"

"मना संगे. दुसरं कोन शे?"

"नवरा मुराळी व्हस का?"

माहेराहून लेकीला न्यायला येतो तो मुराळी. भाऊ येतो, भाचा येतो, चुलत्याचं पोर तरी येतं. मूळ, म्हणजे असं माहेरचं बोलावणं, आल्याशिवाय आखाजीला माहेरी जायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीला कळतं.

"बिनमूळनी लेक दारमा उभी ऱ्हायनी तं लोक काय म्हनतीन?" यशोदाबाई म्हणाल्या. "सासरना लोकस्नी हाकली, आसंच म्हनतीन ना? फेरानं मी तोंडवर उनं म्हनी बोलनू. आठे फेरा कोनले नडी ऱ्हायना?"

"मंग बारा दिन घन धरीसन काब्र बठनी व्हती?"

यशोदाबाईंनी सुपातला एक खडा वेचून टाकला. "तुम्हीन इतला जीव लाये व्हता. नही म्हनाले जीभ उचलनी नही."

झुलालभाऊ न जेवता झोपले. राग आला होता, पण कुणाचा ते ठरेना. बायकोचा म्हणावा तर तिचं काय चुकलं, स्वतःचा म्हणावा तर तेही पटेना. पहाटे उठले, वल्ही खांद्यावर टाकली आणि एकटेच निघाले. पाणी संथ होतं. मधोमध गेल्यावर दोन्ही गावं सारखीच लांब दिसली, आणि एक क्षण त्यांना वाटलं की असंच इथे बसून राहावं, इकडचं ना तिकडचं. मग वल्हं मारलं.

पळसवदच्या घराच्या अंगणात सुनंदाबाई बाजेवर शेवया वाळत घालत होत्या. नंदोई, म्हणजे नणंदेचा नवरा, दिसताच त्यांनी पदर डोक्यावर ओढला, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. बाई वाळली होती. घरात दुसऱ्या कुणाची चाहूल नव्हती.

"बठ्ठं बरं शे ना, पावना?"

"बरं शे." झुलालभाऊंनी तांब्या उचलला, तसाच खाली ठेवला. "सुनंदाबाई, औंदा तिले मूळ धाडशात का?"

सुनंदाबाई उंबऱ्यावर बसल्या.

"कोनले धाडू?" त्या म्हणाल्या. "पोटना एक आंडोर, तो सुरतले. दिवायीले येस, आखाजीले त्याले सुट्टी नही. पयलं वरीस मी रागमा व्हती, खोटं काब्र बोलू. दुसरा वरीसले राग नव्हता, पन धाडाले घरमा मानूस नव्हता. मंग वरसामांगे वरीस गयं. आते कोनता तोंडे बोलावू?"

"फोन करानं व्हतं."

"फोनवर मूळ लावतस का, पावना?"

झुलालभाऊंना एकदम थकवा आला. एक बाई अकरा वर्षं इकडे बघत बसली, दुसरी तिकडे, आणि मध्ये हाकेएवढं पाणी. आपण मात्र रिबिटं ठोकत होतो.

"नाव शे काठवर," ते म्हणाले. "तुम्हीनच चाला मुराळी म्हनी."

"बाईमानूस मुराळी व्हस का कोठे? आनि मी आशी, कपाय पुसेल."

"तुमना घरमा मानूस नही म्हनतस," झुलालभाऊ म्हणाले. "मंग तुम्हीन कोन शेत?"

सुनंदाबाई उठल्या, आत गेल्या. बराच वेळ झाला. कोंबड्या शेवयांपर्यंत आल्या, त्या झुलालभाऊंनी हाकलल्या. बाई बाहेर आल्या तेव्हा धुवट लुगडं नेसलेल्या, हातात पिशवी, पिशवीत सांजोऱ्यांचा डबा आणि एक खण. दाराला कुलूप लावलं आणि झुलालभाऊंच्या पुढे चालू लागल्या. नावेत मात्र जीव मुठीत धरून बसल्या. दोन्ही हातांनी कडेचा पाइप आवळलेला, डोळे गच्च मिटलेले, आणि दर चार वल्ह्यांनी एकच प्रश्न, "कितलं ऱ्हायनं?"

यशोदाबाई दारात होत्या. भावजयीला पाहून त्या जागच्या हलल्या नाहीत. मग आत जाऊन पाण्याची बादली घेऊन आल्या, आणि मुराळ्याच्या पायांवर घालतात तसं सुनंदाबाईंच्या पायांवर पाणी घातलं. सुनंदाबाई पाय मागे घेऊ लागल्या तर घोटा धरून ठेवला. जेवणं झाली. मग सुनंदाबाईंनी पदर सावरला आणि रीतीप्रमाणे घरधन्यापुढे उभ्या राहिल्या.

"पावना, आमनी लेक धाडतस का?"

आमनी लेक. यशोदाबाईंनी चटकन तोंड फिरवलं.

"कितला दिन?" झुलालभाऊंनी विचारलं.

"आठ दिन तरी."

आता गंमत बघा. महिनाभर या माणसाने नाव दुरुस्त केली, दुपारभर स्वप्नं पाहिली, पण त्यांच्या स्वप्नात बायको सकाळी जायची आणि दिवेलागणीला परत यायची. आठ दिवसांचं रिकामं घर त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आखाजीनी घागर कोन भरी?" ते कसेबसे म्हणाले. यशोदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"भरसू मीच," झुलालभाऊ म्हणाले. "लई जा."

परतीच्या खेपेला यशोदाबाई उंच फळीवर पाय लांब करून बसल्या. वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं, त्यामुळे झुलालभाऊंना दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. दोघी बोलत होत्या. पुरणाला यंदाची डाळ कशी आहे, गुडघ्याला काय लावतेस, सुरतेची सून कशी आहे. मधल्या पाण्यात प्रेमराजचं नाव निघालं आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून मोकळ्या रडल्या. झुलालभाऊ वल्हं हळू मारू लागले. काठ लागला तशा यशोदाबाई पोरीसारख्या घाईने उतरल्या, चिखलात पाय पडला तरी थांबल्या नाहीत, आणि मागे वळून बघायचं विसरून गेल्या. एकट्याच्या वजनाला नाव हलकी झाली होती, फार भराभर घरी आली.

आखाजीच्या दिवशी झुलालभाऊंनी पितरांची घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, निखाऱ्यावर पितरांच्या घासाची आगारी टाकली. पुरण करायला गेले ते करपलं. झिपरूच्या बायकोने, मंदाबाईने, खापरावरच्या दोन पुरणपोळ्या आणि वाटीभर आमरस आणून दिला. दिवसभर घर इतकं मोठं वाटलं की ते तीनदा विनाकारण अंगणात येऊन उभे राहिले.

दिवस कलला तशा बाया आखाजीला मांडलेली गौराई बोळवायला काठावर निघाल्या. आमच्या या दोन गावांची एक रीत आहे. गौराई पाण्यात सोडली की अलीकडच्या बाया आणि पलीकडच्या बाया समोरासमोर उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या देतात. राग नाही, लोभ नाही, वर्षभराचं तुंबलेलं तेवढं मोकळं करायचं. समोरच्या गावच्या बाप्यांची नावं घेऊन द्यायच्या शिव्या, जेवढ्या कडक तेवढी आखाजी गोड. मंदाबाईने पदर खोचला आणि पळसवदच्या अख्ख्या पुरुषजातीचा उद्धार केला. पलीकडून उत्तर आलं. हास्याच्या लाटा दोन्हीकडून पाण्यावर येऊन मध्ये मिळत होत्या. झुलालभाऊ सगळ्यांच्या मागे, नावेच्या कडेला टेकून उभे होते.

आणि मग पलीकडून एकच आवाज निघाला. जाड, मोकळा, छातीतून आलेला. निंबाखालून आला.

"ओ करंजनाना झुलाल्याऽऽ, मुडदा बशिवला तुना! आठ दिन भुक्या मर, मी नही येत!"

काठावरचं सगळं गाव हसत सुटलं. झिपरू तर वाळूतच बसला. बेचाळीस वर्षांच्या संसारात यशोदाबाईंनी हे नाव दोनदा घेतलं होतं, तेही उखाण्यात, खाली मान घालून, समोर ताट असताना. आज ते अख्ख्या तापीवरून आलं. झुलालभाऊंचं तोंड तापलं, डोळे भरले, आणि हसूही यायला लागलं, सगळं एकदमच.

पुरुषांनी उत्तर द्यायचं नसतं, अशी रीत आहे. झुलालभाऊ बायांच्या गर्दीतून वाट काढत पाण्यापर्यंत गेले, कानामागे हात धरला, आणि ती पुन्हा कधी ओरडते याची वाट पाहत उभे राहिले.